आज्ञांची अदलाबदल कोणाच्या सोयीसाठीं?

जालन्याच्या वडीलधाऱ्या मंडळींना मनमाडची बदली अजून आठवत असेल. निजामी राज्यांत हैदराबादेकडून जालन्यावरून मनमाडला आलेला लोहमार्ग मीटर गेजचा, आणि मनमाडाहून मुंबईस जाणारा ब्रॉड गेजचा. एका मार्गाच्या रुळांतील अंतर १ मीटर, दुसऱ्याच्या १.६७६ मीटर. एवढ्या फरकापायीं उतारूंनीं पेट्या उतरवाव्या आणि हमालांनीं पोतीं एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत टाकावीं, असा क्रम कित्येक वर्षें चालला. १९९० च्या दशकांत जालन्याचा मार्ग रुंद झाला, तेव्हां हा त्रास संपला. रुळांची रुंदी ठरविणारे एक आणि ओझीं वाहणारे दुसरे, हा त्या व्यवस्थेंतील खरा अन्याय होता. तोच अन्याय आज लेखन-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्यें चालू आहे, आणि त्यास 'प्रगति' असें नांव मिळालें आहे, ही आमची तक्रार आहे.

उदाहरणें पाहा. वर्डच्या २००३ च्या आवृत्तींत पानाच्या माथ्याचा व पायथ्याचा मजकूर, म्हणजे हेडर-फुटर, 'व्ह्यू' या मेन्यूंत होता. २००७ मध्यें मेन्यू जाऊन 'रिबन' नांवाची पट्टी आली, आणि तो 'इन्सर्ट'मध्यें गेला. पानाचे समास 'फाइल'मधील पेज सेटअपमध्यें ठरत. ते 'पेज लेआउट'कडे गेले, आणि लिब्रे-ऑफिसमध्यें तेंच काम 'फॉर्मॅट'खालीं शोधावें लागतें. दुरुस्त्यांची नोंद ठेवणारी ट्रॅक चेंजेस ही आज्ञा २००३ मध्यें 'टूल्स'कडे, २००७ मध्यें 'रिव्ह्यू'कडे, आणि लिब्रे-ऑफिसमध्यें 'एडिट'कडे. 'ऑप्शन्स' तर 'टूल्स'मधून निघून आधीं एका वाटोळ्या बटणाआड दडलें व २०१० मध्यें 'फाइल'खालीं प्रकट झालें.

यांत बिघडलें काय, असें एखादा सुखवस्तु वाचक विचारील. बिघडतें तें येथें. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानें संगणकाचें पहिलें शिक्षण भोकरदन, परतूर, मंठा अशा तालुक्याच्या गांवांपर्यंत नेलें. घरीं संगणक नसलेली मुलगी वर्गांतील मोजक्या तासांत आज्ञा शिकते, ती पुष्कळदां नांवानें नव्हे, जागेनें: वरून तिसरी, डावीकडून दुसरी. पुढें नोकरीच्या पहिल्याच दिवशीं तिच्यापुढें निराळें सॉफ्टवेअर येतें. समास कोठें बदलावे हें तिला सांपडत नाहीं, आणि साहेब मनांत म्हणतो, 'हिला कांहींच येत नाहीं.' वास्तविक तिला काम येतें. आज्ञेचें घर तेवढें बदललें आहे. पुण्यामुंबईच्या सरावलेल्या तरुणास हा पांच मिनिटांचा खोळंबा. तिच्या बाबतींत तो अब्रूचा आणि भाकरीचा प्रश्न होतो.

'चार दिवसांत सवय होते', हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. मनमाडच्या हमालांनाहि सवय झालीच होती. तेवढ्यानें दोन रुंदींचे रूळ योग्य ठरले नाहींत. दुसरा पक्ष अधिक विचारार्ह आहे. तो म्हणतो, आज्ञा इतक्या वाढल्या कीं त्या जुन्या मेन्यूंत मावेनात. नवी मांडणी भागच होती. यांत तथ्य आहे. ऑफिस २००० नें क्वचित् लागणाऱ्या आज्ञा मेन्यूंतून आपोआप लपविण्याचा प्रयोग करून गोंधळांत भरच घातली होती. परंतु २००७ मध्यें नवी पट्टी आणतांना जुने मेन्यू ठेवण्याचा पर्यायहि दिला नाहीं, याचें समर्थन त्या गरजेनें होत नाहीं. लिब्रे-ऑफिसनें २०१९ मध्यें अशीच पट्टी दिली, पण जुने मेन्यू कायम ठेवून, ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडून. सुधारणा आणि सौजन्य एकत्र नांदूं शकतात, असाच याचा अर्थ.

स्थैर्यानें प्रगति खुंटते, हेंहि खोटें. कापणें, नक्कल करणें व चिकटविणें यांसाठीं एक्स, सी, व्ही हीं अक्षरें ॲपलच्या यंत्रांवर १९८० च्या दशकांत रूढ झालीं, पुढें विंडोजनें तींच उचललीं, आणि आजतागायत तीं हललीं नाहींत. त्यांच्यामुळें कोणाची बुद्धि अडून राहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पहिली, आज्ञेची जागा तिच्या कामावरून ठरावी: सबंध दस्तऐवजाशीं संबंध असलेली 'फाइल'मध्यें, नवें कांहीं घालणारी 'इन्सर्ट'मध्यें, रूप पालटणारी 'फॉर्मॅट'मध्यें; आणि हा नियम सर्व निर्मात्यांनीं सारखाच पाळावा. दुसरी, मेन्यू आणि टूलबार यांनीं एकच भाषा बोलावी. वर्ड २००३ मध्यें मेन्यूंतील 'प्रिंट' ही आज्ञा प्रती किती, पानें कोणतीं, हें आधीं विचारी; टूलबारवरील 'प्रिंट'चें बटण कांहीं न विचारतां सारा दस्तऐवज छापावयास लागे. एका नांवाचे दोन नोकर, आणि दोघांच्या रीती निराळ्या! तिसरी, जागा बदलणें अटळच असेल तर जुन्या जागीं कांहीं वर्षें पाटी लावून ठेवावी. घर बदलणारा गृहस्थहि इतकें करतो.

शिक्षकांनाहि आमची विनंति आहे कीं, 'डावीकडून दुसरें' एवढेंच न शिकवितां ती आज्ञा तेथें कां आहे, हें शिकवावें. परंतु त्या 'कां'ला उत्तर असावें लागतें, आणि तें असेल अशी रचना करणें हें सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांचें कर्तव्य आहे. जालन्याचा रूळ रुंद व्हावयास जवळजवळ शतक लागलें, कारण तेथें लोखंड उखडावें लागतें. पडद्यावरची आज्ञा हलवावयास लोखंड उखडावें लागत नाहीं. म्हणूनच ती इतक्या सहज हलविली जाते. आणि म्हणूनच ती सर्वत्र एकसारखी न ठेवण्यास कोणतीहि सबब उरत नाहीं.