'सुगंध' या एका शब्दाआड

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाची तयारी महाराष्ट्रातील घराघरांत आजही होते. पाटाभोवती रांगोळी, कोमट तेलाची वाटी आणि वाटीशेजारी उटणे. एके काळी हे उटणे घरीच कुटले जाई. गव्हला, कचोरा, वाळा, नागरमोथा, आंबेहळद, चंदनाची पूड अशी द्रव्ये काष्ठौषधींच्या दुकानातून आणायची, उन्हात वाळवायची, कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. आता त्याची जागा दहा-वीस रुपयांच्या पाकिटाने घेतली आहे. पाकीट फोडताच खोलीभर चंदनाचा दरवळ पसरतो आणि उटणे चांगले असल्याचा निर्वाळा घरातील सारे एकमुखाने देतात.

या निर्वाळ्यात एक साधा हिशेब राहून जातो. अस्सल चंदनतेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर असतो. दहा-वीस रुपयांच्या पाकिटातून खोली भरून टाकणारा दरवळ चंदनाचा असूच शकत नाही. तो प्रयोगशाळेत घडवलेल्या, चंदनाची नक्कल करणाऱ्या रेणूंचा असतो. नक्कल असणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु ही नक्कल कशाची बनली आहे, हे ती अंगाला लावणाऱ्याला कळत नाही आणि कळावे अशी व्यवस्थाही पुरती नाही. खरा प्रश्न तेथे आहे.

एक शब्द, अनेक रसायने

साबण, क्रीम, तेल, पावडर यांच्या वेष्टनावर घटकांची यादी असते. त्या यादीच्या शेवटाकडे 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रेग्रन्स' असा शब्द आढळतो. वाचणाऱ्याला तो एक घटक वाटतो. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली काही डझनांपासून शंभराहून अधिक द्रव्ये असू शकतात. सुगंध उद्योगाच्या वापरात अशी तीन हजारांहून अधिक द्रव्ये आहेत. कोणत्या मिश्रणात कोणते द्रव्य किती, हे उत्पादकाचे व्यावसायिक गुपित मानले जाते. स्पर्धकापासून राखलेले हे गुपित ग्राहकापासूनही राखले जाते.

या उद्योगाचा इतिहास फार जुना नाही. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कूमरिन हे सुगंधी द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन बनवले. १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर हा संशोधक स्फोटक द्रव्यांवर काम करीत असताना त्याच्या हाती कस्तुरीसारखा गंध असलेले रसायन लागले. याच कुळातील 'मस्क अँब्रेट' नावाची कृत्रिम कस्तुरी पुढे कित्येक दशके प्रसाधनांत वापरली गेली. ती अंगावर असताना ऊन लागले की त्वचेला अ‍ॅलर्जी होते, मज्जासंस्थेलाही तिच्यापासून धोका संभवतो, हे कालांतराने ध्यानात आले आणि १९९५ मध्ये युरोपने तिच्यावर बंदी घातली.

कृत्रिम सुगंधाने काही भलेही केले, हे मान्य करायला हवे. कस्तुरीमृगांच्या हत्येची गरज त्यामुळे घटली आणि चंदनाच्या झाडांवरचा भार थोडा हलका झाला. म्हणून प्रत्येक कृत्रिम द्रव्य विषारी, असा सरसकट निकाल देणे अशास्त्रीय ठरेल. मात्र दशकानुदशके निर्धोक म्हणून विकलेले द्रव्य पुढे घातक ठरले, असे एकदाच घडलेले नाही. लिलीच्या फुलांचा गंध देणारी 'लायरल' आणि 'लिलियल' ही दोन द्रव्ये असंख्य प्रसाधनांत होती. पहिले मोठ्या प्रमाणावर अ‍ॅलर्जी निर्माण करते म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यावर बंदी जाहीर केली आणि २०२१ पर्यंत ते बाजारातून हटवले. दुसरे प्रजननक्षमतेस अपायकारक ठरवून १ मार्च २०२२ पासून बंद केले. २००५ पूर्वी ज्यांनी ते वापरले, त्यांच्या वेष्टनावर बहुधा एवढेच लिहिलेले होते : परफ्यूम.

त्वचेवर काय घडते?

सुगंधी द्रव्यांचे रेणू लहान आणि हवेत उडणारे असतात. म्हणूनच त्यांचा गंध नाकापर्यंत पोहोचतो आणि म्हणूनच ते त्वचेतही सहज शिरतात. आत शिरलेला रेणू शरीरातील प्रथिनाला चिकटला की रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला परका समजू लागते. पहिल्या वापरात काहीच दिसत नाही. महिने-वर्षे उलटतात आणि मग एके दिवशी नेहमीच्याच क्रीमने खाज, लाली, पुरळ सुरू होते. 'इतकी वर्षे हेच वापरते आहे, यामुळे कसे होईल?' असा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांना नित्य ऐकावा लागतो. वास्तविक ही अ‍ॅलर्जी वारंवारच्या वापरातूनच जन्माला येते आणि एकदा जडली की बहुधा जन्मभर सोबत करते. शिवाय पुरळ लगेच न उठता एक-दोन दिवसांनी उठत असल्याने दोष भलत्याच गोष्टीवर ढकलला जातो.

युरोपात झालेल्या पाहण्यांनुसार सर्वसाधारण लोकसंख्येत सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा एक ते तीन आहे. आकडा लहान वाटतो. पण कोट्यवधींच्या देशात शेकडा एक म्हणजेही फार मोठा समुदाय होतो.

भारतीय त्वचेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. येथे ही अ‍ॅलर्जी पुष्कळदा लाल पुरळाच्या रूपाने न येता चेहऱ्यावरच्या काळपट डागांच्या रूपाने येते. जपानमध्ये १९७० च्या दशकात अनेक स्त्रियांचे चेहरे असे काळवंडले. तेथील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा प्रसाधनांतील काही रंग आणि सुगंधी द्रव्ये कारणीभूत आढळली. ती वगळल्यावर रुग्णांची संख्या घटली. भारतात मात्र चेहऱ्यावर डाग दिसला की डाग घालवणारे दुसरे क्रीम आणले जाते आणि त्यातही बहुधा सुगंध असतोच. ज्याने डाग पडला, तेच पुन्हा डागावर चोळले जाते.

सर्वांत नाजूक प्रश्न तान्ह्या बाळांचा. त्यांची त्वचा पातळ असते आणि तिची संरक्षक भिंत अजून पक्की व्हायची असते. तरीही बाळाचे तेल, पावडर, साबण, लोशन यांत सुगंध असायलाच हवा, अशी समजूत रूढ झाली आहे. 'बाळाचा वास' म्हणून ज्याचे कौतुक होते, तो पुष्कळदा डब्यातला वास असतो. त्या सुगंधाची बाळाला गरज नसते. गरज असते ती घेणाऱ्या मोठ्यांच्या समाधानाला.

कायदा कोठवर पोहोचला?

युरोपीय संघाने २००३ मध्ये अ‍ॅलर्जीकारक २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि २००५ पासून त्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. अंगावर राहणाऱ्या प्रसाधनात ०.००१ टक्क्यांहून आणि धुऊन टाकण्याच्या प्रसाधनात ०.०१ टक्क्यांहून अधिक प्रमाण असेल, तर नाव छापलेच पाहिजे. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे नेली गेली. नव्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ आणि जुन्यांसाठी ३१ जुलै २०२८ अशी मुदत ठरली. अमेरिकेनेही २०२२ च्या कायद्याने सुगंधातील अ‍ॅलर्जीकारक घटक जाहीर करण्याचे तत्त्व स्वीकारले.

भारतात २०२० चे प्रसाधन नियम लागू आहेत. घटकांची यादी देणे त्यांनुसार आवश्यक आहे आणि काही वेष्टनांवर लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल अशी सुगंधी द्रव्यांची नावेही दिसू लागली आहेत. परंतु ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन पदार्थाच्या वेष्टनाला या यादीतून सूट आहे. हा देश रुपया-दोन रुपयांच्या पुडीवर चालणारा. मोठी बाटली घेणाऱ्याला घटक कळावेत आणि पुडी घेणाऱ्या कष्टकऱ्याला कळू नयेत, हा कोणता न्याय? आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांची कथाही निराळी नाही. वनस्पतींची नावे ठळक छापायची आणि आधारद्रव्य व सुगंध यांच्यापुढे 'क्यू. एस.' म्हणजे 'पुरेसे तेवढे' असे लिहून मोकळे व्हायचे, ही पद्धत सर्रास दिसते. वेष्टनावर तुळशीचे चित्र आणि आत अनामिक रसायन, हा प्रकार परदेशी कंपनीने केला काय किंवा देशी कंपनीने केला काय, फसवणूकच आहे. किंबहुना परंपरेचे नाव पुढे करून केलेली फसवणूक अधिक गंभीर मानायला हवी, कारण तिथे मालाबरोबर श्रद्धाही विकली जाते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

मग नैसर्गिक सुगंधाकडे वळावे, हे उत्तर सहज सुचते. ते अर्धेच खरे आहे. युरोपच्या त्या २६ द्रव्यांच्या यादीत लवंगेतील युजेनॉल आहे, दालचिनीतील सिनामल आहे आणि ओक वृक्षावरील दगडफुलाचा अर्कही आहे. लॅव्हेंडरच्या तेलातील लिनालूल आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हवेशी संयोग पावल्यावर तीव्र अ‍ॅलर्जीकारक बनतात. मग ते फुलातून आलेले असोत की कारखान्यातून. काही उटण्यांत बावची घालतात. तिच्यातील सोरालेन उन्हात त्वचा भाजून काढू शकते. चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात गेल्यावरही असेच चट्टे उठतात. रेणूला स्वतःचे कुळ ठाऊक नसते आणि त्वचा ते विचारीत नाही.

जुन्या पद्धतीचे बळ नैसर्गिकपणापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींत होते. पहिली, प्रमाण. उटण्यात वाळा किंवा चंदन पूड म्हणून येई. त्यातील तेलाचा अंश थोडा असे, उटणे सणासुदीला लावले जाई आणि धुऊन टाकले जाई. आजच्या अर्कांच्या कुप्या त्याच वनस्पतीचे सार कितीतरी पटींनी एकवटतात आणि ते दिवसरात्र त्वचेवर राहते. दुसरी गोष्ट, माहिती. घरी कुटणाऱ्या आजीला प्रत्येक द्रव्याचे नाव ठाऊक असे. नातवंडाला पुरळ उठले, तर पुढच्या खेपेस काय वगळायचे, हे तिला कळे.

ग्रंथपरंपराही हेच सांगते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'गंधयुक्ती' हे स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० प्रकार होतात, असे गणितही त्यात मांडले आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या ग्रंथाच्या हस्तलिखितावर १९४५ मध्ये लेख लिहिला. त्या ग्रंथावर जुन्या मराठीत टीका आहे. मराठी भाषेत सुगंधनिर्मितीची चर्चा शतकांपूर्वी होत होती, याचा हा पुरावा. या ग्रंथांत द्रव्यांची नावे आहेत, भाग आहेत, कृती आहे. तेथे शास्त्र लिहून ठेवले जाई; आज तेच गुपित म्हणून झाकले जाते.

घराघरांत काय करता येईल?

सुगंधाला सर्वांत चांगला पर्याय बहुतेक वेळा 'सुगंध नाही' हाच असतो. स्वच्छ त्वचेला वास नसतो. बाळाच्या अंगाला साधे, सुगंध न घातलेले खोबरेल पुरे. अंगाला चण्याचे किंवा मसुरीचे पीठ आणि दूध लावून आंघोळ करण्याची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. दिवाळीचे उटणे चार घरांनी मिळून ओळखीची द्रव्ये आणून कुटले, तर खर्च थोडा आणि आनंद अधिक. अत्तराची हौस असेल, तर ते कपड्याला लावावे, त्वचेला नव्हे. कनौजची देग-भपका पद्धत आजही जिवंत आहे, हे भूषणावह खरे; परंतु चंदनतेल महागल्यापासून अनेक अत्तरांत लिक्विड पॅराफिन आधार म्हणून येते, हेही जाणून असावे.

खरेदी करताना 'फ्रेग्रन्स फ्री' असे स्पष्ट लिहिलेले घ्यावे. 'अनसेंटेड' या शब्दावर विसंबू नये. मूळ वास झाकण्यासाठी त्यात दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. नवे प्रसाधन कोपराच्या आतल्या बाजूस आठवडाभर रोज दोनदा थोडे लावून पाहावे. डाग किंवा खाज हटत नसेल, तर क्रीम बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. पाठीवर संशयित द्रव्यांच्या पट्ट्या ४८ तास ठेवून ही चाचणी होते आणि दोषी द्रव्याचे नाव हाती येते. अर्थात, ते नाव वेष्टनावर छापलेलेच नसेल, तर चाचणीचा उपयोग तो काय?

म्हणून घरातील सावधगिरीबरोबर समाजाची मागणीही हवी. लहान पाकिटांची सूट काढून टाकावी, 'क्यू. एस.'ची पळवाट बंद व्हावी आणि अ‍ॅलर्जीकारक सुगंधी द्रव्यांची नावे मराठीसह भारतीय भाषांत छापली जावीत, एवढी ही मागणी साधी आहे. ग्राहक संघटना, महिला मंडळे आणि डॉक्टर यांनी ती एकत्र मांडली, तर शासनाला ती टाळता येणार नाही. लेकराच्या अंगाला जे चोळले जाते, त्याचे नाव आईला ठाऊक असावे. याहून अधिक काही कोणी मागत नाही आणि याहून कमी कोणी स्वीकारू नये.