घमेल्यातले गोड पाणी

दसरा आला की आमच्या गोव्यात गाड्यांना आंघोळी घातल्या जातात. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे बोट, चाकाखाली लिंबू... आपल्या आयुधांची पूजा करणे ही मोठी सुंदर कल्पना आहे. पण ज्या बॉनेटला आपण माळ घालतो, ते वर्षातून एकदा तरी उघडून पाहतो का? गेल्या दसऱ्याला माळ घालण्याआधी मी माझ्या गाडीचे कूलंट घरीच, परसात बसून बदलले. मात्र या कामाचा खरा धडा मला घरी नव्हे, बेज्जूरला मिळाला होता.

बेज्जूर हे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले गाव, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेले. पूर्वेला प्राणहिता नदी आणि नदीपलीकडे आपला गडचिरोली जिल्हा. या पट्ट्यात तेलुगू, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. शेजारचा राजुरा तालुकाही १९५६ पर्यंत आदिलाबादमध्येच होता. माझे भावोजी तिथे शिक्षक. ऐन मे महिन्यात त्यांच्याकडे जायचे ठरले आणि मी हौसेने माझी पोलो जीटी काढली. टर्बो असलेली, चपळ गाडी. पेडल दाबावे आणि तिने झेप घ्यावी!

बेज्जूर तीनेक किलोमीटर राहिले असताना लाल दिवा लागला. बॉनेटखालून वाफ. चूक सर्वस्वी माझीच होती. कूलंटची पातळी उतरली की मी महिनोन् महिने परसातल्या बांयचे पाणी ओतत आलो होतो. 'पाणी ते पाणी, थंड करण्याशी मतलब' हे माझे शहाणपण!

भावोजी मोटारसायकलवरून एका पोऱ्या मेकॅनिकला घेऊन आले. इंजिन थंड होईपर्यंत त्याने झाकणाला हात लावू दिला नाही. रेडिएटरचा खालचा होज क्लिपजवळ भेगाळला होता. तेवढा तुकडा कापून तो पुन्हा बसवायचा, पण त्यासाठी आतले सगळे पाणी काढावे लागणार होते. तो क्लिप सैल करणार इतक्यात समोरच्या झोपडीतली म्हातारी पुढे आली. "दादा, ते पाणी इथं सांडू नका जी. शेळ्या पितात." आणि तिने आतून घमेले आणून दिले. गंजाने तांबूस झालेले ते पाणी मुलाने घमेल्यात धरले, मग एका जुन्या कॅनमध्ये ओतून सोबत नेले. हापशाचे पाणी भरून दिले आणि म्हणाला, "साहेब, हे घरी जाईस्तोवरच. घरी गेल्यावर अस्सल माल भरा."

परतल्यावर मी वाचू लागलो. आपल्याकडे पाणी कधी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न आपल्याला पडतो. त्याचे उत्तर उकळण्यात आणि गंजण्यात आहे. निम्मे इथिलीन ग्लायकोल आणि निम्मे पाणी हे मिश्रण साधारण १०७ अंशांना उकळते आणि झाकणाच्या दाबाखाली १२५ अंशांच्या पुढेही टिकते. त्यातली रसायने अॅल्युमिनियम आणि लोखंड गंजू देत नाहीत. इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या द्रवाला वाहून न्यावा लागतो. गाडी जितकी जोरकस, तितकी त्याची कामगिरी कठीण.

बदलण्याचे काम खरोखरच अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड, गाडी सपाट जागी, खाली रुंद टब. झाकण हळू उघडायचे, खालचा होज सोडवायचा, डिस्टिल्ड वॉटरने आतून धुवायचे. मग गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच जातीचे कूलंट भरायचे. रंग सारखा दिसतो म्हणून दुसरे नव्हे. आत अडकलेली हवा काढायची, पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवायचे आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहायची. एक सकाळ पुरते. स्वतःच्या हाताने केल्याचा आनंद तर वेगळाच!

पण काम संपले आणि टबात पाचेक लिटर जुने कूलंट उरले. दहा पावलांवर बांय. आपला जांभा दगड किती सच्छिद्र असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि त्या क्षणी मला ती म्हातारी आठवली.

इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते. म्हणून कुत्री-मांजरे ते चाटतात. पोटात गेल्यावर त्याचे ऑक्झॅलेट होते, त्याचे खडे मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंड बंद पडते. दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा कपही जड जातो. याचेच भावंड डायइथिलीन ग्लायकोल. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते मिसळलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला, हे अनेकांना आठवत असेल.

कोणी म्हणेल, ग्लायकोल मातीत काही आठवड्यांत विघटित होते. खरे आहे. पण त्याच रात्री चाटणाऱ्या कुत्र्याला त्या आठवड्यांचा काय उपयोग? आणि इंजिनातून आलेले तांबे, शिसे? ते तर विघटित होत नाहीत.

मी चार गॅरेजांत विचारले. चारही ठिकाणी उत्तर एकच : गटारात ओता! म्हणजे आजवर माझ्या वतीने तेच होत होते. मी फक्त पाहत नव्हतो. घरी काम करण्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. पैसे वाचतात हा नव्हे, तर घाण कुठे जाते हे कळते, हा. बॅटरीचे पाहा. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक झाले, आणि आज जुनी दिल्याशिवाय नवी घेणे आपल्यालाच परवडत नाही. मग कूलंटचा कॅन विकणाऱ्याने जुने कूलंट परत का घेऊ नये? पंचायतीने महिन्यातून एकदा ते गोळा केले तर काय बिघडेल? ही मागणी आपणच करायला हवी, कारण गाड्या आपल्या आहेत आणि बांयही आपल्याच.

तोवर माझा कॅन, वर ठळक अक्षरांत 'विष' लिहून, कुलुपाच्या कपाटात ठेवला आहे. बेज्जूरच्या त्या म्हातारीला ग्लायकोल हा शब्द ठाऊक नसेल. तिला शेळ्या ठाऊक होत्या, आणि तेवढे पुरेसे होते. यंदा दसऱ्याला गाडीला माळ घालाल, तेव्हा शेजारी एक घमेलेही ठेवा.