सेल्फ लागत नाही? आधी घरीच तपासा

आपल्या कष्टकरी घरांत मोटारसायकल ही चैनीची वस्तू नाही. पहिल्या पाळीचा कामगार, पहाटे मार्केट गाठणारा भाजीवाला, मुलीला परीक्षेला सोडणारी आई, या साऱ्यांचा दिवस तिच्यावर उभा असतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की एखाद्या सकाळी बटण दाबूनही सेल्फ लागत नाही. त्या दिवसाची हजेरी बुडते आणि वर "मोटर गेली, नवी टाका" हे ऐकावे लागते. मोटर जातेही, पण पुष्कळदा दोष एखाद्या ढिल्या वायरीत असतो. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी काय पाहावे, ते आज सांगत आहोत.

वाट साधी आहे. बॅटरीतून करंट रिलेत जातो आणि रिलेतून मोटरमध्ये. तो कुठे अडला, एवढेच शोधायचे.

हँडलवरचा लाल स्विच चालू आहे ना, गाडी न्यूट्रलला आहे ना, हे प्रथम पाहावे. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. मग हॉर्न वाजवावा. हेडलाइटवर विसंबू नये. अनेक जुन्या गाड्यांत इंजिन बंद असताना तो लागतच नाही. हॉर्न घोगरा वाजला, इंडिकेटर मंद लागला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत.

आता बटण दाबून कान द्यावा. नुसते टक्-टक् होत असेल तर बहुधा बॅटरी कमजोर किंवा जोड खराब. हॉर्न खणखणीत, पण सेल्फचा आवाजच नाही, तर बटण, क्लचचा स्विच, फ्यूज किंवा रिले पाहावा. मोटर घर्रकन फिरते, पण इंजिन फिरत नाही, तर वन-वे क्लच झिजलेला असतो. इंजिन जोरात फिरूनही सुरू होत नसेल, तर सेल्फला दोष देऊ नये. पेट्रोल आणि प्लग पाहावेत.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी काळी वायर काढावी, मग लाल. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासावे, कोरडे पुसून घट्ट आवळावे आणि वर व्हॅसलीन लावावे. जोडताना उलट क्रम: आधी लाल, मग काळी. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. बुचांच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. सीलबंद बॅटरी उघडू नये.

शेजारीपाजारी कोणाकडे मीटर असेल तर उत्तम. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली घसरला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहावी. तरीही घसरला तर बॅटरी संपली. इंजिन सुरू करून थोडा रेस दिल्यावर आकडा १४ च्या आसपास चढला पाहिजे. चढत नसेल तर चार्जिंगमध्येच दोष आहे. नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल.

एवढे करूनही सेल्फ लागत नसेल तर रिले आणि मोटर मेकॅनिककडून आपल्यासमोर तपासून घ्यावी. मोटर खोलली तर आतले कार्बन ब्रश दाखवायला सांगावे. ते झिजले असतील तर बऱ्याच गाड्यांत तेवढेच बदलून काम भागते, पूर्ण मोटर लागत नाही.

शेवटची सूचना: बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नये, मध्ये दम घेऊ द्यावा. आणि ही तपासणी मुलांसोबत मुलींनाही शिकवावी. गाडी त्याही चालवतात, आणि वाटेत बंद पडली तर त्यांना कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागू नये.