लॅम्बर्टची मेहनत आणि ईस्टहॅमचा खटला

रिकी लॅम्बर्टची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ब्लॅकपूल क्लबने सोडल्यावर या स्ट्रायकरने बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावली. पुढे मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रोचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशा खालच्या लीगमधल्या क्लबांत वर्षं काढली, मग साउथॅम्प्टन. २०१३ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो वेम्ब्लीवर इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि बॉलला पहिलाच स्पर्श केला तो गोलच.

लोक म्हणतात, बघा, मेहनतीचं फळ! मला हे अर्धंच पटतं. मेहनत तुम्हीही करता, ४५ डिग्रीत सळया बांधता. फरक इतकाच की लॅम्बर्टला मालक बदलता आला.

हा हक्क काही आयता मिळाला नव्हता. पूर्वी तिथे करार संपला तरी क्लब खेळाडूला अडकवून ठेवायचा. जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसल क्लबविरुद्ध कोर्टात गेला, खेळाडूंची युनियन पाठीशी राहिली आणि १९६३ मध्ये कोर्टाने ती पद्धत अन्यायाची ठरवली.

आपल्याकडे आखातात एनओसीचा फास अजून पुरता सुटलेला नाही. कतारने २०२० मध्ये कायदा बदलला, पण कायदा माहीतच नसेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून कराराची प्रत आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मुदत कधी संपते ते वाचून घ्या. अडलं तर चौघं मिळून विचारायला जा. एकट्याला गेटवरूनच परत पाठवतात. ईस्टहॅमसुद्धा एकटा नव्हता.