यतीम मुलाची आई कुठे असते?

चार वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून एक ठरावीक रक्कम आपोआप वळती होत होती. मी सिंगापूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो आणि कंबोडियातल्या एका यतीमखान्यातील बहीण-भावाचा खर्च उचलला होता. वर्षातून एकदा त्यांचे फोटो आणि गुणपत्रिका यायच्या. रमजानमध्ये घरी फोन केला की अम्मी आवर्जून विचारायची, "तुझी ती दोन लेकरं कशी आहेत?" उत्तर देताना मला स्वतःबद्दल फार बरे वाटायचे.

भारतात परतण्याआधी मी त्यांना भेटायला गेलो. नॉम पेन्हहून बसने साधारण तीन तासांवर, मेकाँग नदीकाठी कम्पाँग चाम आहे. या भागात चाम मुसलमानांची जुनी वस्ती आहे. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत त्यांच्यावर अनन्वित अत्याचार झाले, असंख्य माणसे मारली गेली. नंतर हा समाज पुन्हा उभा राहताना बाहेरच्या मुसलमानांनी मशिदी, मदरसे आणि यतीमखान्यांसाठी हात पुढे केला. मीही त्यातलाच एक होतो.

संस्था स्वच्छ होती, जेवण चांगले होते. मुलांनी रांगेत उभे राहून नात म्हटली. त्या आठवड्यात पाहुण्यांसमोर म्हणण्याची ती त्यांची तिसरी वेळ होती. जेवताना बारा वर्षांच्या मुलीने माझ्या फोनकडे बोट दाखवून शिक्षकांना काही विचारले. मला वाटले, खेळायला हवा असेल. शिक्षक म्हणाले, "आईला फोन लावून द्याल का, असं विचारतेय."

त्यांची आई आहे, हे मला तेव्हा कळले. वडील वारल्यावर ती नॉम पेन्हच्या एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथल्या खोलीत मुलांना ठेवणे शक्य नव्हते. यतीमखान्यात शाळा होती, तीन वेळचे जेवण होते. तिने मुले टाकली नव्हती, त्यांच्या भल्यासाठी दूर ठेवली होती.

माझ्याशी कोणी खोटे बोलले नव्हते. मला आलेल्या फॉर्मवर वडिलांपुढे 'मयत' लिहिले होते आणि आईची जागा रिकामी होती. रिकामी जागा आणि 'नाही' या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मी कामावर नवीन मुलांना रोज शिकवतो. इथे मात्र चार वर्षे मीच ती रिकामी जागा 'नाही' अशी वाचली.

खरे तर आपल्या दीनमध्ये हा घोळ व्हायलाच नको. ज्याचे वडील वारले आणि जे वयात आलेले नाही, ते मूल यतीम. आई हयात असली तरी ते यतीमच. मराठीत त्याला 'अनाथ' म्हटले की आई नजरेआड होते. हजरत मुहम्मद (स.) जन्माआधीच यतीम झाले. सहाव्या वर्षी आई गेली, मग आजोबांनी आणि त्यांच्यानंतर चुलत्यांनी सांभाळले. म्हणजे ते वाढले ते घरातच, आपल्या माणसांत.

हा प्रश्न एका संस्थेचा नाही. २०१५ मध्ये कंबोडिया सरकारने केलेल्या मोजणीत ४०६ निवासी संस्थांत १६,५७९ मुले आढळली. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात असतात. पुढे सरकारने २०१८ पर्यंत ३० टक्के मुलांना सुरक्षितपणे कुटुंबात परत पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अडचण व्यवहाराची आहे. देणगी दर मुलामागे मिळते. मूल घरी गेले की ती थांबते. सगळ्यांची नियत साफ असली तरी अशा हिशेबात मूल संस्थेतच राहते.

मी पैसे थांबवले नाहीत. तसे केले असते तर भुर्दंड मुलांनाच पडला असता. तीच रक्कम आईला द्यावी, अशी विनंती केली. संस्थेच्या नियमांत तशी सोय नव्हती. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एवढे झाले की मुले सुट्टीत आईकडे जातात, त्यांचे भाडे मी पाठवतो आणि दर आठवड्याला तिच्याशी फोनवर बोलणे होते. हे पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे.

रमजान जवळ आला की आपल्याही शहरांत यतीमखान्यांच्या पावत्या फिरू लागतात. द्यायला जरूर हात पुढे करा, पण आधी विचारा: या मुलाचे घरी कोण आहे? ते घरी का राहू शकत नाही? तीच रक्कम घरी दिली तर राहू शकेल का? ज्याला खरेच कोणी नाही, त्याला संस्थेचा आधार लागतोच. आणि मुलांना भेटायला गेलात तर त्यांना रांगेत उभे करून फोटो काढू नका.

आपल्याकडे २०१५ चा बाल न्याय कायदाही सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून विधवा मातांच्या मुलांनाही घरी राहून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. मोहल्ल्यातल्या किती भगिनींना हे माहीत आहे? अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा असतो. मृत्यू दाखला, रेशनकार्ड, बँक खाते हे सगळे जुळवताना अनेकजणी थकून जातात. तिथे आपल्या सुशिक्षित तरुणांची गरज आहे. यंदा जकातीचा हिशेब करताना एक रविवार अशा एका मातेचा अर्ज भरण्यासाठीही बाजूला काढा.

मी माझ्या गल्लीपासून सुरुवात केली आहे. पहिल्या तीन अर्जांवर आईच्या नावाची जागा मी सर्वात आधी भरली.