शांतता कुणाची?

काय दोस्तांनो, मे महिन्याच्या सुट्टीत कुठं जायचं ठरलंय? गर्दी नको, गोंगाट नको, असं एखादं बेट हवंय? मग सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या निवतीच्या किनाऱ्यावर उभं राहा. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात खडकाळ बेटं दिसतील. हेच वेंगुर्ला रॉक्स! तिथं गाव नाही, बाजार नाही. लाटा कातळावर आपटतात, तेवढाच काय तो आवाज.

पण थांबा! तिथल्या गुहांमध्ये बिऱ्हाडं आहेत, पाकोळ्यांची. या चिमुकल्या पक्ष्याला फांदीवर बसताच येत नाही. उभ्या कातळाला तो नखांनी चिकटतो. अंधारात 'टिक् टिक्' आवाज काढतो आणि प्रतिध्वनी ऐकून वाट शोधतो. आणि घरटं बांधायला सिमेंट कुठलं? स्वतःची लाळ! तिच्यात पिसं, गवत चिकटवून अर्ध्या वाटीसारखं घरटं तयार होतं.

अशा लाळेच्या घरट्यांचं सूप परदेशात फार महाग विकलं जातं. म्हणून चोरांनी इथलीही घरटी खरवडून नेली. आतल्या अंड्यांचं, पिल्लांचं काय झालं असेल?

आणि बघा हं, उन्हाळा हाच पाकोळ्यांचा विणीचा हंगाम. म्हणजे नेमकी तुमची सुट्टी! तेव्हा हे बेट पाहायचं ते होडीतूनच. गुहेत शिरायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. शांतता हवी म्हणून जायचं आणि तीच मोडून यायचं, हे कसं चालेल? आईबाबांनाही सांगा बरं का!