बेसमेंटमध्ये थिएटर नको, बैठक हवी

मेम्फिसच्या ग्रेसलँडमध्ये एल्विस प्रेस्लीने तळघरातल्या भिंतीत तीन टीव्ही शेजारी शेजारी बसवून घेतले होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन तिन्ही वाहिन्यांच्या बातम्या एकाच वेळी पाहतात, हे त्याच्या कानावर आले होते. पिवळ्या-निळ्या रंगाची ती खोली, तिचे आरशाचे छत आणि बिलियर्डच्या खोलीत भिंतींपासून छतापर्यंत मढवलेले चुणीदार कापड पाहून आजचे पर्यटक हसतात. पण पाहुण्यांसाठी सजवलेल्या अमेरिकन बेसमेंटचा साचा तिथे पुरता दिसतो. खिडकी नसेल तर पडदा लावा आणि सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे करा.

न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट, टोरांटो इथल्या कितीतरी मराठी घरांनीही हाच साचा उचलला आहे. बेसमेंट ‘फिनिश’ करायचे ठरले की पहिला खर्च प्रोजेक्टरवर, दुसरा उतरत्या रांगांत मांडलेल्या आठ गलेलठ्ठ रिक्लायनरवर आणि तिसरा कोपऱ्यातल्या बारवर. मग दिवाळीच्या फराळाला तीसपस्तीस माणसे येतात. आठ जण खाली बसतात, उरलेले वर स्वयंपाकघरातल्या ओट्याभोवती उभे राहून गप्पा मारतात.

ही जागा मुळात पाहुण्यांसाठी नव्हतीच. थंड प्रदेशात जमीन जिथवर गोठते त्याच्याखाली पाया न्यावा लागतो, नाहीतर गोठलेली माती फुगून घर उचलते. शिकागोत ही खोली साडेतीन फूट धरतात, मिनेसोटाच्या उत्तर भागात पाच फूट. एवढे खणायचेच तर आणखी थोडे खणून अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा, हा बांधणाऱ्यांचा हिशेब. तिथे भट्टी असे आणि तिच्या पोटासाठी कोळशाचा ढीग. तेल आणि गॅस आले तसा ढीग गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत त्या जागेवर टेबल टेनिस आणि बार येऊन बसले. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक वस्तीत जमीन गोठत नाही, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींच्या घरांना बेसमेंट क्वचितच. त्यांची मैफल हॉलमध्येच.

जिथे बेसमेंट आहे तिथल्या मराठी माणसाला मात्र या मजल्याचा खरा उपयोग केव्हाच सापडला आहे. भारतातून दौऱ्यावर आलेल्या गायिकेची घरगुती मैफल, मंडळाच्या एकांकिकेच्या तालमी, भोंडला, गणपतीची आरती. या सगळ्याला लागते ती मोकळी जमीन. हे ठाऊक असूनही तिथे खिळवलेल्या खुर्च्या रोवायच्या, हे अनाकलनीय आहे. सिनेमाला कुणाचा विरोध नाही. छतातून खाली येणारा आणि पुन्हा वर जाणारा पडदा त्याला पुरतो. एका लांब भिंतीपुढे हलवता येईल असा वीतभर उंचीचा चौथरा, खाली सतरंज्या, आणि गुडघ्यांनी दगा दिलेल्यांसाठी घडीच्या खुर्च्यांचे एक कपाट. तुळईला आधार देणारे लोखंडी खांब मध्येच उभे असतात, त्यांना लाकडी वेष्टण घालून बैठकीची मर्यादा त्यांच्यावरच आखून घ्यावी. नव्या भिंती जितक्या कमी तितके बरे.

आवाजाचा विचार तर ड्रायवॉल लागण्यापूर्वीच व्हायला हवा. छताच्या वाशांमध्ये खनिज लोकर भरली तर वरच्या मजल्यावर झोपलेली मुले आणि खाली चाललेला तबला यांची गाठ कमी पडते. विलंबित ख्याल रंगात आला की शेजारची भट्टी हटकून धडधडते. तिच्या खोलीला भरीव दार लावावे, पण ज्वलनाला लागणाऱ्या हवेची वाट न बुजवता. दमट हवेत तबल्याची शाई-पुडी सैल पडून सूर उतरतो, तेव्हा डीह्युमिडिफायर ही बेसमेंटमधल्या संगतकाराचीही गरज आहे.

दमटपणा हाच या मजल्याचा खरा मालक. फरशी घालण्यापूर्वी काँक्रीटवर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवायचे. खाली पाणी साचले किंवा काँक्रीट काळवंडले, तर गालिच्याचा विचार तूर्त सोडावा. पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाला बॅटरीचा आधार हवाच, कारण वादळ येते तेव्हा वीजही जाते. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री इडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाणी पडले. त्या रात्री शहरात तळघरांतल्या घरांमध्ये किमान ११ माणसे बुडून मेली. ती मैफलीला आलेली नव्हती. परवडणारे दुसरे घर नसल्याने तिथे राहत होती. पण पाण्याला हा भेद कळत नाही.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. १९८४ च्या डिसेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्राचा एक अभियंता कामावर आला की किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजू लागली. केंद्र अजून वीज निर्माण करायलाही लागले नव्हते. शोध घेता उगम निघाला तो त्याच्या घरात, जमिनीतून शिरणाऱ्या रेडॉन वायूत. ज्या खडकाच्या पट्ट्यावर ते घर होते तो पुढे न्यू जर्सीच्या उत्तर भागात जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाने रेडॉनमुळे देशात दरवर्षी सुमारे २१,००० माणसे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतात. लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त आढळल्यास उपाय करावा, असे ती सांगते. उपाय सोपा आहे : फरशीखालून निघून छपरावर जाणारा नळ आणि त्याला पंखा. फिनिशिंग आधी झाले तर मात्र तो नळ नव्या कोऱ्या भिंती फोडून न्यावा लागतो. चाचणी आधी, रंग नंतर.

बारचे पैसे संडासात घालावेत, हे ऐकायला ओंगळ वाटेल. पण तीस माणसे खाली आणि सोय वर असेल तर जिन्यावर रात्रभर वर्दळ. बेसमेंट बहुधा सांडपाण्याच्या वाहिनीच्या खाली असते, म्हणून मैला वर ढकलणारा पंप लागतो. बिल्डरने नळाची तोंडे आधीच काढून ठेवली असतील तर काम निम्मे झाले. शेजारी एक सिंक, छोटा फ्रीज आणि मायक्रोवेव्ह असला की बटाटेवड्यांचे ताट घेऊन दहा वेळा चढउतार करणारी यजमानीणही दोन गाणी ऐकू शकते.

राहता राहिला जिना. अनेक राज्यांनी आधार मानलेल्या निवासी बांधकाम संहितेत पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आहे आणि पाऊल ठेवायला किमान दहा इंच जागा हवी. जुन्या घरांतले जिने याहून उभे असतात. खाली झोपायची खोली काढायची तर बाहेर पडता येईल अशी खिडकी बंधनकारक आहे : तिचा उघडा भाग साधारणपणे ५.७ चौरस फूट, तळ जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. परवाना चुकवून घाईने केलेल्या कामात हीच खिडकी पहिली गळते. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांचा पलंग नेमका तिथेच टाकला जातो. त्यांना आधी वरच्या मजल्यावर खोली द्यावी. ज्या घरात आजींना तो जिना उतरवत नाही, तिथे गणपतीही वरच बसवावा आणि खाली मुलांना टेबल टेनिस खेळू द्यावे.